लिस्बन शहराचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोवा, वसई, चौल, दमण, दीव. या ठिकाणांच्या इतिहासात ‘लिस्बनहून हुकूम आला’ हे वाक्य कुठे ना कुठे येतंच. पण हुकूम सोडणारं ते शहर स्वतः कसं होतं, याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं दिसत नाही. वाचक आणि पोर्तुगालला निघालेली मंडळी जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी : ज्या लिस्बनने वसईला सुभेदार धाडले आणि गोव्याला व्हाइसरॉय, त्या लिस्बनचा मोठा भाग १७५५ सालच्या एका आठवड्यात नाहीसा झाला. आज दिसतं ते बरंचसं त्यानंतरचं आहे.

लिस्बन रोमपेक्षाही जुनं आहे म्हणतात. खरं का?

बहुधा खरं आहे. तेजो नदी (नकाशांवर टेगस) समुद्राला मिळण्याआधी एखाद्या सरोवरासारखी पसरते आणि जहाजांना आयतंच सुरक्षित बंदर मिळतं. ही जागा फिनिशियन व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. किल्ल्याच्या टेकडीवर आणि कॅथेड्रलच्या आवारात झालेल्या उत्खननांत त्यांच्या वळणाची भांडी सापडली आहेत. ती इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकाच्या सुमाराची मानतात. ग्रीक वीर युलिसिसने हे शहर वसवलं, ही मात्र निव्वळ दंतकथा. शहराला ती इतकी आवडते की कुणी खोडून काढण्याच्या भरीस पडत नाही.

रोमन काळात नाव होतं ओलिसिपो. टेकडीच्या उतारावर रोमन नाट्यगृहाचे अवशेष आहेत. ते उजेडात आले १७९८ साली, भूकंपानंतरच्या बांधकामांच्या धामधुमीत. पण आम्हाला त्याहून आवडतात त्या खालच्या बाजारपेठेत एका बँकेच्या इमारतीखाली सापडलेल्या दगडी टाक्या. त्यांत मासे मिठात मुरवून रोमन लोकांचा आवडता मत्स्यरस तयार व्हायचा आणि मडक्यांत भरून साम्राज्यभर जायचा. कोकणातल्या माणसाला या धंद्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

इथे मुसलमानी राज्य होतं का?

होतं, आणि चांगलं चारशे वर्षांहून अधिक. आठव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शहर अरब-बर्बर फौजांच्या हाती गेलं. अरबी लेखक त्याला अल-उश्बुना म्हणतात. ८४४ साली उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांनी ते लुटलंही. आल्फामा मोहल्ल्याचं नाव अरबीच, तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेलं. त्या काळची इमारत म्हणून दाखवण्यासारखं फार थोडं उरलंय, गल्ल्यांची आखणी मात्र टिकली. आल्फामात शिरलं की दहा पावलांत दिशा कळेनाशी होते, ती त्या आखणीमुळे.

मग ते ख्रिश्चनांच्या ताब्यात कधी आलं?

ऑक्टोबर ११४७ मध्ये. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो एनरीकेस याच्याजवळ वेढा घालण्याइतकं बळ नव्हतं. योगायोगाने दुसऱ्या धर्मयुद्धासाठी जेरुसलेमकडे निघालेलं इंग्रज, फ्लेमिश आणि जर्मन लोकांचं आरमार वाटेत पोर्तुगालच्या किनाऱ्याला लागलं होतं. राजाने त्यांना लुटीचा वाटा कबूल केला. जवळजवळ चार महिने वेढा चालला. शहराने शरणागतीच्या अटी ठरवून दरवाजे उघडले, तरी परदेशी शिपायांनी आत शिरून मनमुराद लूट केली. त्या लुटीत शहरातल्या स्थानिक ख्रिश्चनांचा वृद्ध बिशपही मारला गेला. धर्मयुद्धाच्या कौतुकाच्या कथांत हा तपशील सहसा गाळतात. नवा बिशप नेमला तो एक इंग्रज, हेस्टिंग्जचा गिल्बर्ट. मागे राहिलेल्या मुसलमानांना तटाबाहेर टेकडीच्या उतारावर जागा दिली. तो भाग आजही मोरारिया म्हणूनच ओळखला जातो.

राजधानी कधी झाली?

साधारण १२५५ पासून. राजा तिसरा अफोन्सो दरबार घेऊन कोइंब्राहून इथे आला आणि इथेच राहिला. तसा जाहीरनामा कधी निघाला नाही.

वास्को द गामा नेमका कुठून निघाला? ती जागा पाहता येते का?

८ जुलै १४९७ रोजी तो बेलेंच्या किनाऱ्यावरून निघाला. तेव्हा तो भाग शहराबाहेर होता. मे १४९८ मध्ये तो कालिकतला पोचला आणि पुढच्या वर्षी परतला. तिथे आज जो भव्य जेरोनिमुश मठ दिसतो, तो त्याच्या परतण्यानंतरचा. सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभी राजा मानुएलने त्याचं काम सुरू केलं आणि पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांच्या व्यापारावर ५ टक्के कर लावून खर्च भागवला. मलबारच्या मिऱ्यातून उभी राहिलेली इमारत म्हणून तिच्याकडे पाहिलं, तर खांबांवर कोरलेले दोर, शिंपले आणि वेली जास्त बोलके होतात. गामाची कबर याच मठात आहे.

जवळचा बेलेंचा बुरूज १५१४ ते १५१९ या काळातला, नदीच्या तोंडावर पहारा देण्यासाठी बांधलेला. त्यापुढे गलबताच्या आकाराचं, दर्यावर्दींच्या पुतळ्यांनी भरलेलं एक पांढरं स्मारक आहे. सगळे त्याच्यासमोर फोटो काढतात, पण ते १९६० चं, म्हणजे गोवा मुक्तीच्या जेमतेम एक वर्ष आधीचं आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला साम्राज्याचा अभिमान दगडात उभा करायचा होता. टेकडीवरचा साव जॉर्ज किल्लाही असाच फसवतो. पाया जुना, पण आजचं रेखीव रूप बहुतांशी १९४० च्या सुमाराला त्याच राजवटीने दिलेलं.

भारतातून काय काय जायचं? गेंड्याची गोष्ट खरी आहे का?

मिरी, दालचिनी, लवंग, नीळ, सुती कापड, हिरे, हस्तिदंताच्या कोरीव वस्तू. जहाजं मार्च-एप्रिलला लिस्बन सोडत, केप वळसून सप्टेंबर-ऑक्टोबरला गोव्याला लागत आणि डिसेंबर-जानेवारीला परत फिरत. पावसाळ्याचं वेळापत्रक हुकलं की वर्ष गेलं. माल उतरे तो नदीकाठी राजवाड्याला लागूनच असलेल्या ‘कासा द इंडिया’ या कचेरीत. मानुएल राजा टेकडीवरचा किल्ला सोडून मुद्दाम धक्क्याशेजारी राहायला आला होता. युरोपातले इतर राजे त्याची ‘मिऱ्याचा वाणी’ म्हणून टिंगल करत, आणि मिरीही त्याच्याकडूनच घेत.

गेंड्याची गोष्ट पूर्ण खरी आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फर याने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजावर चढवला आणि २० मे १५१५ रोजी गेंडा लिस्बनला उतरला. युरोपात रोमन काळानंतर कुणी जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती तरणा होता, तो घाबरून पळाला. मग राजाने गेंडा पोपला नजर करायचं ठरवलं, पण १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडाने बांधलेलं जनावर त्याच्यासोबत गेलं. जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूररने केवळ वर्णन आणि एका रेखाटनावरून त्याचं लाकडी ठशाचं चित्र काढलं. त्यात पाठीवर एक जास्तीचं शिंग आहे, तरी पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपला गेंडा तसाच दिसत राहिला. बेलेंच्या बुरुजावर पहाऱ्याच्या एका छोट्या मनोऱ्याखाली गेंड्याचं झिजलेलं डोकं कोरलेलं आहे. शोधून पाहण्यासारखं आहे ते.

तो काळ सुवर्णकाळ होता म्हणायचं का?

राजा, व्यापारी आणि चर्च यांच्यासाठी, हो. सोळाव्या शतकाच्या मध्यात लिस्बनची वस्ती सुमारे १ लाख होती आणि त्यातले दहा टक्के लोक गुलाम होते. बहुतेक आफ्रिकेतून आणलेले, काही भारतातूनही. पाणी भरणं, मैला नदीत नेऊन टाकणं, धक्क्यावर ओझी वाहणं, ही कामं त्यांच्याकडे.

ज्यूंची कथा याहून काळी आहे. १४९७ साली मानुएलने पोर्तुगालमधल्या ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा करवला. ते ‘नवे ख्रिश्चन’ झाले, पण संशय सुटला नाही. एप्रिल १५०६ मध्ये दुष्काळ आणि प्लेगने शहर हैराण असताना साव दोमिंगुशच्या चर्चमध्ये क्रूसावर प्रकाश दिसल्याची हाकाटी उठली. एका नव्या ख्रिश्चनाने तो चमत्कार नसावा अशी शंका बोलून दाखवली. त्याला जागीच ठार केलं आणि नंतर तीन दिवस कत्तल चालू राहिली. मेलेल्यांचे आकडे दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत दिले जातात. चर्चसमोरच्या छोट्या चौकात २००८ पासून एक स्मारक आहे.

१५३६ साली इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं. तेच गोव्यात १५६० ला पोचलं. त्याची लिस्बनमधली कचेरी रोसियु चौकाच्या टोकाला होती. आज त्या जागी राष्ट्रीय नाट्यगृह आहे. इन्क्विझिशन गोव्यात १८१२ ला बंद झालं आणि खुद्द लिस्बनमध्ये १८२१ ला.

पोर्तुगालने मुंबई इंग्रजांना आंदण का दिली?

हा प्रश्न मुंबईकर नेहमी विचारतात आणि त्यात ‘एवढं शहर असं कसं दिलं’ हा सूर असतो. तेव्हा मुंबई शहर नव्हतीच, पण लिस्बनमधली परिस्थिती पाहिल्याशिवाय सौद्याचा अर्थ लागत नाही. १५७८ साली तरुण राजा सेबास्तियांव मोरोक्कोच्या लढाईत मारला गेला. वारस नव्हता. १५८० ला स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने गादी घेतली आणि ६० वर्षं पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली राहिलं. १५८८ चं प्रसिद्ध स्पॅनिश आरमार इंग्लंडवर निघालं, तेही लिस्बनहूनच. १ डिसेंबर १६४० रोजी काही सरदारांनी नदीकाठच्या राजवाड्यात घुसून स्पेनच्या राजाच्या सचिवाला खिडकीतून खाली फेकलं आणि ब्रागान्साच्या ड्यूकला राजा केलं.

स्पेन हे मानायला तयार नव्हता. युद्ध २८ वर्षं चाललं, वर डच लोक एकेक आशियाई ठाणं गिळत होते. पोर्तुगालला इंग्लंडचं आरमार हवं होतं आणि त्याची किंमत म्हणून राजकन्या कातारीना, भरघोस रोकड, उत्तर आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबई बेट द्यायचं ठरलं. तह १६६१ चा. १६६२ च्या वसंतात कातारीना लिस्बनहून जहाजात चढली. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलु इ काश्त्रू याने मात्र ताबा देण्यात चालढकल केली. हे बंदर हातचं घालवू नये असं त्याचं स्पष्ट मत होतं. शेवटी १६६५ मध्ये ताबा दिला गेला. त्याचं म्हणणं बरोबर होतं हे लिस्बनला फार उशिरा उमगलं. पण १६६१ च्या लिस्बनसाठी स्पेनची सरहद्द काही दिवसांच्या वाटेवर होती आणि मुंबई सहा महिन्यांच्या.

चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा लिस्बनमध्ये काय चाललं होतं?

सोन्याची उधळपट्टी. १७३९ साली वसई पडली, तेव्हा गादीवर पाचवा जुआंव होता आणि त्याच्या तिजोरीत ब्राझीलच्या खाणींचं सोनं येत होतं. आपल्याकडे वसईचा विजय हा पोर्तुगीज सत्तेवरचा मोठा घाव म्हणून शिकवतात. तो तसा होताही, उत्तर कोकणातून त्यांचं उच्चाटन झालं. पण लिस्बनचा जीव तोवर भारतातून निघून ब्राझीलमध्ये गेला होता. नवा व्हाइसरॉय फौज घेऊन १७४१ मध्ये गोव्याला आला, वसई काही परत मिळाली नाही. त्याच वर्षांत जुआंव राजाने साव रोकच्या चर्चसाठी एक छोटी प्रार्थनावेदी रोममध्ये घडवायला टाकली. लाजवर्दी दगड, अकीक, अलाबास्टर, सोन्याचा मुलामा. पोपकडून आशीर्वाद घेऊन, सुटी करून ती १७४७ मध्ये जहाजांनी लिस्बनला आणली. ती अजून आहे.

त्याच सोन्याच्या काळातलं एक काम मात्र खरंच लोकांच्या उपयोगाचं झालं : पाणी आणणारा मोठा जलसेतू. १७३१ ला परवानगी, १७४८ पासून पाणी. आणि यातला बराचसा पैसा सोन्यातून आलाच नाही. मांस, तेल आणि दारूवर कर लावून तो सामान्य लिस्बनकरांकडून काढला. आल्कांतरा दरीवर त्याच्या ३५ कमानी आहेत, सर्वांत उंच ६५ मीटर.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी नेमकं काय झालं?

तो सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमाराला चर्चं गच्च भरलेली, वेद्यांवर मेणबत्त्या, घराघरांत चुली पेटलेल्या. आणि जमीन हलू लागली. धक्के मिनिटभर नव्हे, काही मिनिटं चालले. केंद्र अटलांटिकच्या तळाशी, नैर्ऋत्येला. आजचे शास्त्रज्ञ तीव्रता ८.५ ते ९ च्या दरम्यान धरतात. दगडी छतं भाविकांवर कोसळली.

जे वाचले त्यांतले पुष्कळ जण नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले. वर कोसळायला काही नाही म्हणून ती जागा सुरक्षित वाटली. काही वेळाने नदीचं पाणी ओसरून तळ दिसू लागला आणि मग समुद्राची लाट आत आली. तिसरं संकट आगीचं. पडलेल्या मेणबत्त्या आणि चुलींनी लागलेली आग पाच-सहा दिवस धुमसत राहिली आणि जे भूकंपाने सोडलं होतं ते तिने खाल्लं. नदीकाठचा राजवाडा, त्यातलं सुमारे ७० हजार ग्रंथांचं राजग्रंथालय, कासा द इंडियाचे कागद, सर्व संतांचं मोठं रुग्णालय, सात महिन्यांपूर्वी उघडलेलं नवंकोरं ऑपेरागृह, सगळं गेलं. शहरात साधारण दोन लाख लोक होते. मृतांचे अंदाज फार वेगवेगळे आहेत, ३० ते ४० हजार हा आकडा जास्त वेळा दिला जातो.

राजा जुझे आणि कुटुंब त्या सकाळी बेलेंला होतं, म्हणून वाचलं. पण राजाने दगडी छताचा असा धसका घेतला की १७७७ मध्ये मरेपर्यंत तो आजुदाच्या टेकडीवर तंबू आणि लाकडी बांधकामांच्या राजवाड्यात राहिला. लोक त्याला ‘शाही झोपडी’ म्हणत.

लोकांनी याला देवाचा कोप मानलं का?

अर्थातच. भर सणाच्या दिवशी, चर्चमध्ये असलेले लोक मेले. आल्फामाच्या गरीब वस्त्या बऱ्यापैकी तरल्या आणि इन्क्विझिशनची कचेरी जमीनदोस्त झाली. हा हिशोब कुठल्याच प्रवचनात बसेना. फ्रान्समध्ये व्होल्तेअरने ‘जे घडतं ते भल्यासाठीच’ म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांवर कविता लिहून झोड उठवली. जर्मनीत तरुण कांटने भूकंपाची कारणं जमिनीखाली शोधणारे लेख लिहिले. लिस्बनमध्ये मालाग्रिदा या वृद्ध जेझुइट पाद्रीने शहराची पापंच कारणीभूत आहेत, घरं बांधण्याऐवजी प्रायश्चित्त घ्या, असं छापून वाटलं. तोवर सूत्रं ज्याच्या हाती गेली होती त्या मंत्र्याला हे परवडणारं नव्हतं. मालाग्रिदाचा शेवट १७६१ मध्ये रोसियु चौकात गळफासाने झाला, आरोप पाखंडाचा. दोन वर्षं आधीच जेझुइटांना पोर्तुगालमधून हाकललं होतं.

शहर परत कुणी बांधलं?

तो मंत्री म्हणजे सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यु, नंतरचा मार्क्विस ऑफ पोंबाल. पहिल्या काही दिवसांत त्याने प्रेतं होड्यांत घालून समुद्रात सोडवली, धान्याचे भाव बांधले, लुटारूंसाठी उंच जागी फाशीचे खांब उभे केले आणि मोजणी होईपर्यंत कुणीही बांधकाम करायचं नाही असा हुकूम काढला. माणूस क्रूर होता यात शंका नाही. १७५९ मध्ये राजावरच्या हल्ल्याचा ठपका ठेवून त्याने तावोरा घराण्याला जाहीर हाल करून मारलं. पण शहर उभं राहिलं ते त्याच्यामुळे, हेही तेवढंच खरं.

श्रेय मात्र एकट्या पोंबालला देण्याची जी पद्धत पडली आहे, ती आम्हाला पटत नाही. खरा विचार मानुएल द माया या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मुख्य अभियंत्याचा. जलसेतूच्या कामावरही तो होता. त्याने महिन्याभरात पर्याय मांडले : होतं तसंच बांधा, रस्ते रुंद करून बांधा, घरं दोन मजल्यांवर आणा, खालची पेठ पूर्ण पाडून नव्याने आखा, किंवा हे शहर सोडून बेलेंला जा. प्रत्येकाचे फायदे-तोटे लिहिले, जमिनीच्या मालकांचं काय करायचं हेही लिहिलं. चौथा पर्याय निवडला गेला. एउजेनियु दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल यांनी आराखडे केले. ढिगारा पसरून जमीन उंचावली, सरळ काटकोनी रस्ते आखले आणि ते धंद्यांना वाटून दिले : सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा. पाट्यांवर ती नावं अजून आहेत.

घरांच्या भिंतींत लाकडाचा तिरप्या पट्ट्यांनी बांधलेला पिंजरा घातला. पुण्या-नाशकाच्या जुन्या वाड्यांत जसा लाकडी सांगाडा भार पेलतो आणि भिंत ही भरणी असते, तशीच काहीशी कल्पना, पण खास भूकंपासाठी तिरकस जोड देऊन पक्की केलेली. नमुन्याच्या घराभोवती पलटणी कवायत करवून ते हलवून पाहिलं, असं सांगतात. दोन घरांमधली भिंत छपराच्या वर काढली, आग पलीकडे जाऊ नये म्हणून. खिडक्या, दारं, कठडे एकाच मापाचे, आधीच घडवून आणलेले. नक्षी जवळपास नाही. आजच्या पर्यटकाला ही खालची पेठ, म्हणजे बाइशा, थोडी रुक्ष वाटते, आणि ती रुक्षता हेच तिचं वैशिष्ट्य आहे.

आणखी एक काम झालं, ज्याचा गवगवा कमी आहे. देशभरच्या पाद्र्यांना प्रश्नावली धाडली : धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी ओसरला की चढला, जमिनीला भेगा पडल्या का, किती माणसं गेली. ही उत्तरं आजही भूकंपशास्त्रज्ञ वापरतात.

भूकंपाआधीचं काय पाहायला मिळतं?

बेलेंचा मठ आणि बुरूज, आल्फामाच्या गल्ल्या, जलसेतू (एक कमानही पडली नाही), साव रोकचं चर्च, डागडुजी झालेलं कॅथेड्रल. कार्मु मठाच्या चर्चचं छत पडलं ते पुन्हा घातलंच नाही. आज त्याच्या कमानी उघड्या आभाळाखाली आहेत. आणि राष्ट्रीय टाइल संग्रहालयाच्या संग्रहात सुमारे १७०० सालची, जवळजवळ २३ मीटर लांबीची निळ्या-पांढऱ्या टाइल्सची पट्टी आहे. तीवर नदीतून दिसणारं संपूर्ण जुनं शहर रंगवलंय, राजवाड्यासकट. वसईचा कॅप्टन ज्या शहरातून निघाला ते पाहायचं असेल, तर ते इथे.

नेपोलियनच्या वेळी राजा पळून गेला होता का?

हो. नोव्हेंबर १८०७ च्या अखेरीस राजपुत्र जुआंव, वेडसर राणी आणि हजारो दरबारी ब्राझीलला निघाले. दुसऱ्या दिवशी फ्रेंच फौज शहरात शिरली. राजा १८२१ मध्ये परतला. मधली चौदा वर्षं गोव्याचे हुकूम रिओहून सुटत होते. १८२२ ला ब्राझील स्वतंत्र झालं आणि लिस्बनची श्रीमंती आटली.

पिवळ्या ट्राम आणि ते उद्वाहक कधीचे?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे आणि विसाव्याच्या आरंभीचे. पहिली रेल्वे १८५६, उतारावर चढणाऱ्या दोरीच्या गाड्या १८८४ पासून, विजेच्या ट्राम १९०१, सांता जुश्ताचा लोखंडी उद्वाहक १९०२. यातल्या ग्लोरिया उतारावरच्या गाडीला सप्टेंबर २०२५ मध्ये अपघात होऊन १६ माणसं गेली.

राजेशाही कशी संपली आणि सालाझार कसा आला?

१ फेब्रुवारी १९०८ रोजी नदीकाठच्या चौकात राजा कार्लुश आणि युवराज यांना उघड्या बग्गीत गोळ्या घातल्या. ५ ऑक्टोबर १९१० ला प्रजासत्ताक आलं. पुढच्या १६ वर्षांत चाळीसहून अधिक सरकारं झाली. १९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, हिशोब जुळवायला कोइंब्रा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला अर्थमंत्री केलं, आणि १९३२ ला तोच पंतप्रधान झाला. सालाझार. दुसऱ्या महायुद्धात त्याने देश तटस्थ ठेवला. त्यामुळे नाझींपासून पळणाऱ्या निर्वासितांसाठी लिस्बन अमेरिकेला जाण्याचं दार बनलं आणि हेरांचा अड्डाही. साम्राज्याच्या नावाने छाती पुढे काढणारा हा गृहस्थ गोव्याला किंवा आफ्रिकेतल्या कुठल्याही वसाहतीला कधी गेला नाही.

गोवा मुक्तीचे पडसाद लिस्बनमध्ये कसे उमटले?

सालाझारने गोव्याच्या गव्हर्नरला शेवटपर्यंत लढायचा हुकूम दिला होता. वासालु इ सिल्वा याने १९ डिसेंबर १९६१ ला शरणागती पत्करली आणि हजारो जीव वाचवले. युद्धकैदी मायदेशी परतले तेव्हा त्यांचं स्वागत गुन्हेगारांसारखं झालं. गव्हर्नरला सैन्यातून काढून टाकलं. त्याचा हुद्दा १९७४ च्या क्रांतीनंतरच परत मिळाला.

या शहराशी एका मराठी माणसाचं फार जवळचं आणि फार कडू नातं आहे. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात शिक्षक म्हणून गेले, आझाद गोमंतक दलात सामील झाले आणि १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली आणि लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यातल्या तुरुंगात त्यांना नेलं. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. इकडे सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती काढली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे बाहेर आले, गोवा मुक्तीनंतर सात वर्षांनी. लिस्बनच्या पर्यटन-पुस्तकांत काशियासचा उल्लेख सापडलाच तर समुद्रकिनाऱ्यामुळे सापडतो.

फुलांची क्रांती म्हणतात ती काय?

आफ्रिकेतल्या तीन युद्धांना कंटाळलेल्या तरुण कॅप्टनांनी २५ एप्रिल १९७४ ला सरकार उलथवलं. खूण ठरली होती रेडिओवरची : मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी ‘ग्रांदुला’ हे लोकांच्या एकजुटीचं गाणं लागलं आणि पलटणी निघाल्या. सांतारेंहून रणगाडे घेऊन आलेला साल्गेइरु माया पहाटे नदीकाठच्या चौकात पोचला, मग कार्मुच्या पोलीस छावणीला त्याने वेढा घातला. सालाझारचा वारस काएतानु आत होता. संध्याकाळी तो शरण आला. लोकांना घरात राहायला सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. एका उपाहारगृहात काम करणाऱ्या बाईने हातातली कार्नेशनची फुलं सैनिकांना दिली, ती बंदुकांच्या नळ्यांत गेली. रक्त अगदीच सांडलं नाही असं नाही : गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून जमावावर गोळ्या झाडल्या आणि चार जण मेले. त्यानंतर दोन दिवसांत काशियासचे राजकीय कैदी सुटले. नदीवरच्या पुलाचं ‘सालाझार’ हे नाव जाऊन ‘२५ एप्रिल’ आलं.

नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार करून गोवा, दमण, दीव, दादरा-नगरहवेली भारताचे आहेत हे मान्य केलं. तेव्हा भारताचे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

आज तिथे आपली माणसं आहेत का?

बरीच. जुने गोवेकर, मोझांबिकमार्गे १९७५ नंतर आलेले गुजराती हिंदू आणि इस्माइली, आणि अलीकडे पंजाब, नेपाळ, बांगलादेशातून आलेले कामगार. ११४७ मध्ये मुसलमानांना जिथे वसवलं, त्याच मोरारियात आज हळद-मिरचीची आणि मोबाइलची दुकानं आहेत. मूळ गोव्यातल्या घराण्यातले आंतोनियो कोश्ता २००७ ते २०१५ या शहराचे महापौर होते, नंतर पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. घरचे त्यांना कोकणीत ‘बाबुश’ म्हणत.

मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं लिस्बनमध्ये आहेत का?

आहेत, आणि ती मोलाची आहेत. मुख्य ठिकाणं दोन : तोर्रे दो तोंबो हे राष्ट्रीय दप्तर आणि वसाहतींचं ऐतिहासिक दप्तर. तोर्रे दो तोंबो पूर्वी किल्ल्याच्या एका बुरुजात होतं. १७५५ मध्ये तो बुरूज पडला, पण आग तिथवर पोचली नाही. त्या दप्तराचा प्रमुख तेव्हा कोण असावा? तोच म्हातारा मानुएल द माया. ढिगाऱ्यातून कागद काढून त्याने ते लाकडी खोपटात हलवले आणि मग शहराच्या आराखड्याला बसला.

व्हाइसरॉय आणि राजा यांच्यात दरवर्षी मोसमी वाऱ्यांवर जाणाऱ्या-येणाऱ्या पत्रांच्या वह्यांना ‘मोन्सून’ वह्या म्हणतात. त्यांतल्या काही पोंबालच्या काळात गोव्याहून लिस्बनला मागवल्या, बाकीच्या पणजीच्या दप्तरात राहिल्या. शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि पेशवे यांच्याबद्दल पोर्तुगीज काय लिहीत होते ते दोन्हीकडे विखुरलेलं आहे. पणजीच्या बाजूचं काम पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर केलं. लिस्बनच्या बाजूचे बरेच कागद आता दप्तराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. सोळाव्या-सतराव्या शतकातलं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचायला मात्र शिकावं लागतं, आणि नुसती आजची पोर्तुगीज येत असेल तर पहिली काही पानं तरी अजिबात लागत नाहीत.